लाळेची आम्लता: आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची

लाळेचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा) दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या हल्ली घरबसल्या मागवता येतात. पट्टी जिभेवर टेकवायची, उमटलेला रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. हिरवट निघाली तर शरीर ‘अल्कलाइन’, पिवळट निघाली तर ‘ॲसिडिक’, आणि मग त्यावरचं पाणी, पावडरी, काढे विकणारे व्हिडिओ पुढ्यात हजर. यातला शरीराविषयीचा भाग सरळ सोडून द्यावा. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. लाळेच्या पट्टीला त्यातलं काही कळत नाही. दातांबद्दल मात्र लाळ बरंच काही सांगते. अडचण एवढीच, की ते सकाळी एकदा बघितलेल्या एका आकड्यात मावत नाही.

दात किडणार की टिकणार हे तीन गोष्टींवर ठरतं: दाताच्या पृष्ठभागापाशी पीएच किती खाली जातो, तिथे किती वेळ राहतो आणि त्याला वर आणायला लाळ किती व कशी येते.

साडेपाचची रेषा

पीएच म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू. ७ उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क. यातला एक अंक दहापटीचा असतो. ६.८ आणि ५.२ यांत फरक दीडच अंकाचा दिसतो, पण प्रत्यक्षात दुसऱ्या ठिकाणी आम्लता सुमारे ४० पट जास्त असते. निरोगी माणसाच्या लाळेचा पीएच साधारण ६.२ ते ७.६ या दरम्यान फिरतो आणि काही न खाता शांत बसलेल्या माणसात बहुधा ६.७च्या आसपास असतो. म्हणजे निरोगी लाळही किंचित आम्लधर्मी असू शकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दाताचं वरचं आवरण, इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. हे खनिज म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड यांचा स्फटिक, हायड्रॉक्सिॲपेटाइट. लाळेतही कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं, आणि एरवी ते इतकं भरपूर असतं की दातातून आणखी काही विरघळत नाही. उलट, दातावर थोडं बसण्याकडेच कल असतो. (मग सगळ्या तोंडात खडूच्या गाठी का होत नाहीत? लाळेतली स्टॅथेरिनसारखी प्रथिनं या खनिजाला अवेळी गोठू देत नाहीत.) आम्लता वाढली की हायड्रोजनचे आयन फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड यांना धरतात, ते द्रावणातून कमी होतात आणि ती तूट दातातून भरून निघायला लागते. इनॅमलच्या बाबतीत हे साधारण ५.५ला सुरू होतं. या आकड्याला दंतवैद्यकात ‘क्रिटिकल पीएच’ म्हणतात.

पुस्तकात ५.५ छापलेलं असलं, तरी ही रेषा दगडावरची नाही. ज्याच्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट जास्त, त्याची रेषा थोडी खाली. ज्याच्या लाळेत कमी, त्याची वर. दाताच्या मुळाला इनॅमल नसतं. तिथे डेंटिन (इनॅमलच्या आतला, त्याहून मऊ भाग) आणि त्यावर सिमेंटमचा पातळ थर असतो, आणि त्यांची झीज ६.२ ते ६.७च्या दरम्यानच सुरू होते. वयानुसार हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडतात, तेव्हा जो चहा-बिस्किटांचा शिरस्ता चाळिशीपर्यंत खपून गेला, तोच साठीत हिरडीलगतची कीड का आणतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. याउलट, स्फटिकातल्या हायड्रॉक्साइडची जागा फ्लोराइडने घेतली की ते खनिज ४.५पर्यंत तग धरतं. फ्लोराइडच्या टूथपेस्टचं काम मुख्यतः हेच: विरघळलेलं खनिज परत बसताना ते आधीपेक्षा चिवट बसावं.

लाळ आम्लाला कशी आवरते

लाळेत ९९ टक्के पाणी असतं. कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ-गाल-टाळूत विखुरलेल्या शेकडो बारीक ग्रंथी मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सोडतात. आम्ल शोषून घेण्याचं काम त्यातलं बायकार्बोनेट करतं. आम्लाशी त्याचा संयोग झाला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि वायू उडून जातो. फॉस्फेट आणि काही प्रथिनं त्याला हातभार लावतात.

महत्त्वाची गोष्ट अशी, की बायकार्बोनेटचं प्रमाण कायम सारखं नसतं. शांत बसलेल्या माणसाच्या लाळेत ते अगदी थोडं असतं. चावायला सुरुवात केली की लाळेचा वेग वाढतो, आणि वेगाबरोबर बायकार्बोनेटही चार-पाच पटींनी वाढतं. म्हणून चावताना आलेल्या लाळेचा पीएच ७.५पर्यंत चढतो. जास्त लाळ म्हणजे नुसती जास्त धुलाई नाही. ती लाळ जातीनेच जास्त आम्लरोधक असते. झोपेत हे उलटं होतं. लाळ जवळजवळ थांबते, जी असते तिच्यात बायकार्बोनेट नगण्य. रात्री शेवटची गोष्ट म्हणून दुधात साखर घालून पिणं आणि तसंच झोपणं वाईट का, हे यावरून कळेल.

पट्टीला न दिसणारी जागा

आता पट्टीची खरी मर्यादा. ती मोजते ती तोंडात साचलेली लाळ. कीड लागते ती दातावर चिकटलेल्या जिवाणूंच्या थराखाली, ज्याला प्लाक म्हणतात. नखाने दात खरवडला की पांढरट मऊ चिकटा निघतो, तो हाच. त्यातले स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स आणि लॅक्टोबॅसिलस यांसारखे जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. हा थर दाट असतो, लाळ त्यात सहज शिरत नाही. त्यामुळे लाळेचा पीएच ६.८ असताना दोन दाढांच्या फटीत तो ४.५ असू शकतो. पट्टी हिरवीगार, आणि दात आत विरघळतोय.

हे पहिल्यांदा नीट मोजून दाखवलं ते अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी, १९४०च्या दशकात. त्यांनी लोकांना १० टक्के ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि बारीक इलेक्ट्रोडने थेट प्लाकमधला पीएच टिपत गेले. आलेख असा निघाला: चूळ भरल्यावर दोन ते पाच मिनिटांत पीएच झपकन पाचच्या आसपास किंवा त्याखाली कोसळतो, थोडा वेळ तळाशी राहतो आणि मग सावकाश, अर्धा ते एक तास घेत, मूळ जागी येतो. ज्यांचे दात फार किडलेले होते त्यांचा आलेख जास्त खोल जायचा आणि वर यायला जास्त वेळ घ्यायचा. दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा ‘स्टीफन कर्व्ह’ काढून दाखवावा लागतो, आणि खरं तर तो घराघरात माहीत असायला हवा. पडायला मिनिटं लागतात आणि सावरायला तास, एवढं त्यातून समजलं तरी पुष्कळ झालं.

साखर किती खाल्ली, यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, हे कीड लागण्यात जड ठरतं, याचा पुरावा स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेतून आला. १९४५नंतर तिथल्या मतिमंद रुग्णांना गटागटाने निरनिराळ्या पद्धतीने साखर दिली गेली. जेवणाबरोबर साखर मिळालेल्यांमध्ये कीड थोडीच वाढली. जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी मिळालेल्यांमध्ये ती झपाट्याने वाढली. निष्कर्ष आजही टिकून आहे, पण पद्धत लाजिरवाणी होती: त्या रुग्णांची संमती कुणी घेतली नव्हती आणि त्यांचे दात मुद्दाम किडू दिले होते. स्वीडनमध्ये मुलांना मिठाई शनिवारीच द्यायची, ही रीत यातूनच रुजली.

चहाचा हिशेब

आपल्याकडच्या दिवसावर हा आलेख ठेवून बघा. सकाळी उठल्यावर साखरेचा चहा, सोबत दोन बिस्किटं. नाश्ता, पुन्हा चहा. अकराला ऑफिसात चहा. दुपारचं जेवण आणि वर गुळाचा खडा. चारचा चहा, सहाला फरसाण आणि चहा. रात्रीचं जेवण. हे सात प्रसंग झाले. प्रत्येकाला ४० मिनिटं धरली तर जवळपास पावणेपाच तास प्लाक रेषेखाली. दिवसाची साखर तेवढीच ठेवून ती तीनच वेळा, जेवणासोबत घेतली तर हाच हिशेब दोन तासांवर येतो. उरलेले तास लाळेला खनिज परत बसवायला मिळतात.

चहाच्या बाबतीत दुसरी गोष्ट पिण्याच्या पद्धतीची. पाच मिनिटांत संपवलेला कप एकच घसरण देतो. तोच कप टेबलावर ठेवून पाऊण तास घोट-घोट घेतला तर प्रत्येक घोटाला घसरण नव्याने सुरू होते, आणि सावरण्याचा तास शेवटच्या घोटानंतरच मोजायचा. ‘मी साखर फक्त अर्धा चमचा घेतो’ याचा इथे फारसा उपयोग नाही, कारण जिवाणूंना तेवढी पुरते. गूळ, मध, काकवी, खजूर, मनुका यांतली साखरही त्यांना साखरच. किंबहुना खजूर आणि चिक्की दाढेच्या खाचेत चिकटून बसतात. उपासाच्या दिवशी हे सगळं एकत्र येतं: दिवसभर थोडं-थोडं राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की, साखरेचं सरबत, आणि पाणी कमी प्यायल्याने लाळही रोडावलेली.

मुखवासाचा यात चांगला उपयोग होतो. जेवणानंतर साधी भाजलेली बडीशेप किंवा धणाडाळ चावली की लाळ वाढते आणि पीएच लवकर वर येतो. रंगीत साखरेत घोळवलेली बडीशेप मात्र त्याच्या नेमकी उलट करते, आणि हॉटेलात बिलासोबत येते ती बहुतेक तीच. बिनसाखरेचं, शक्यतो झायलिटॉलचं च्युइंगम जेवणानंतर २० मिनिटं चघळणं हा याचाच आधुनिक अवतार. झायलिटॉल आपल्या तोंडातल्या जिवाणूंना पचत नाही. (घरात कुत्रा असेल तर ते च्युइंगम त्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्याच्यासाठी ते विष आहे.)

कोणता दात आधी जातो

लाळ तोंडात सगळीकडे सारखी पोचत नाही. दातांवरून ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या पातळ थराने सरकते, आणि काही ठिकाणी मिनिटाला आठेक मिलिमीटर तर काही ठिकाणी मिलिमीटरभरसुद्धा नाही. जबड्याखालच्या ग्रंथींच्या नळ्या जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या मागे उघडतात. तिथे ओघ कायम असतो, म्हणून ते दात सहसा सगळ्यांत शेवटी किडतात. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला लाळ सगळ्यांत संथ.

बाटलीने दूध पीत झोपणाऱ्या बाळाच्या तोंडात हे स्पष्ट दिसतं. वरचे चार पुढचे दात हिरडीलगत तपकिरी होऊन तुटायला लागतात, आणि खालचे चार शुभ्र असतात. आई-आजींना ते कोडं वाटतं: एकाच तोंडातले दात, मग असं का? दूध वरच्या दातांभोवती साचतं, खालच्यांना जीभ झाकते आणि लाळ धूत राहते. झोपेत वरच्यांना वाली नसतो. दात यायला लागले की रात्री बाटली नको, साखर किंवा मध घातलेली तर मुळीच नको. द्यायचीच झाली तर साध्या पाण्याची. खोकल्याची गोड औषधं रात्री दिल्यावर ओल्या फडक्याने दात पुसून घ्यावेत.

किडीची पहिली खूण भोक नसते. हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा, चमक गेलेला डाग दिसतो. दात कोरडा केल्यावर तो जास्त उठून दिसतो. वरचा पृष्ठभाग अजून शाबूत आणि खालचं खनिज गेलेलं, अशी ती अवस्था. या टप्प्यावर प्लाक काढला, खाण्याच्या वेळा आवरल्या आणि फ्लोराइड मिळालं तर दात भरावा लागत नाही. टोकदार सळईने टोचून बघितलं तर मात्र वरचा पापुद्रा फुटतो, म्हणून त्यावर टाचणी वगैरे चालवू नये.

लिंबू, कोकम, ताक

आतापर्यंत जिवाणूंनी बनवलेल्या आम्लाबद्दल बोललो. बाहेरून येणाऱ्या आम्लाला साखर आणि जिवाणू दोन्ही लागत नाहीत. त्याने होते ती झीज: चकचकीत, गुळगुळीत झालेले दात, पिवळसर दिसणारे (खालचं डेंटिन झळकतं म्हणून), कडा काचेसारख्या पारदर्शक, दाढेच्या टोकांवर वाटीसारखे खळगे, आणि गार पाण्याची कळ. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, कोला पेयांचा २.५च्या आसपास, चिंच आणि कोकमाचा रसही त्याच पट्ट्यात. जठरातलं आम्ल १ ते २, म्हणजे सगळ्यांत जहाल.

पण पीएच हाच एकमेव निकष नाही, आणि इथेच पुष्कळ तक्ते फसवतात. दही-ताकाचा पीएच ४ ते ४.५ असतो. नुसता आकडा बघितला तर ते रेषेच्या खाली. तरीही ताकाने दात झिजत नाहीत, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच इतकं विरघळलेलं असतं की दाताकडून काही घेण्याची त्याला गरज पडत नाही. तेवढ्याच पीएचच्या फळांच्या रसात ते नसतं. तेव्हा जेवणानंतरचं साधं ताक खुशाल प्यावं. पन्हं, लिंबू सरबत, कोकम सरबत यांत आम्ल आणि साखर दोन्ही असतात. वर्ज्य करण्याचं कारण नाही, पण जेवणाबरोबर प्यावं, तोंडात घोळवू नये, एका बैठकीत संपवावं. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या पुढच्या दातांच्या कडा पातळ झालेल्या दिसतात. घ्यायचंच असेल तर स्ट्रॉने घेऊन लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी. दात पांढरे करायला लिंबू आणि मीठ घासण्याचा घरगुती उपाय तर सरळ बंद करावा. त्याने दात आधी चमकतात आणि मग पिवळे होतात.

आम्ल लागल्यावर इनॅमलचा अगदी वरचा थर मऊ पडलेला असतो. त्यावर लगेच ब्रश फिरवला तर तो खरवडून निघतो. राखुंडी किंवा कोळशाची पूड असेल तर आणखी. म्हणून आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा उलटी झाल्यावर अर्धा ते एक तास ब्रश करू नये. गरोदरपणात सकाळच्या उलट्यांनंतर तोंडाची चव जावी म्हणून बायका लगेच दात घासतात; त्याऐवजी एका पेल्यात (साधारण २०० मिली) पाव ते अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरावी आणि थुंकावी. सोडा गिळायचा नाही, त्याने दात घासायचे नाहीत. दीर्घकाळची पित्ताची तक्रार असेल आणि मागच्या दाढा आतल्या बाजूने झिजत असतील, तर दातांच्या डॉक्टरांइतकीच पोटाच्या डॉक्टरांची गरज आहे. एवढ्या तीव्र आम्लापुढे फ्लोराइड फारसं टिकत नाही.

अल्क म्हणजे चांगलं, हा गैरसमज

आम्ल वाईट, तर मग जितकं अल्क तितकं बरं, असा सोपा निष्कर्ष निघतो. तो चूक आहे. पीएच चढला की लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट प्लाकमध्येच घट्ट होऊन टार्टर बनतं. ते कुठे साचतं ते बघा: खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. कानापुढच्या ग्रंथीची नळी गालात बरोबर वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. जिथे ताजी लाळ जास्त, तिथे कीड कमी आणि टार्टर जास्त. मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांच्या लाळेत युरिया वाढतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि पीएच वर जातो. अशा रुग्णांत कीड कमी आणि टार्टर भरपूर दिसतं. हिरड्यांचे आजार करणारे पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिससारखे जिवाणू तर उदासीन किंवा किंचित अल्क वातावरणातच पोसतात. त्यांचं अन्न साखर नसून प्रथिनं.

आणि अल्कधर्मी म्हणून चुना दातांना चांगला, असं ऐकू आलं तर कान बंद करावेत. चुन्याच्या निवळीचा पीएच १२च्या वर असतो. तंबाखूला चुना मळतात तो याच गुणामुळे: अल्क माध्यमात निकोटिन तोंडाच्या अस्तरातून झटकन शोषलं जातं. सोबत चुना ते अस्तर भाजतोही, आणि चिमूट ज्या जागी धरतात नेमक्या त्याच जागी पांढरे चट्टे उठतात. मिशेरी चुन्याशिवाय लावली तरी तंबाखूच. दात स्वच्छ होतात हा भास, हिरड्या मागे सरकतात ही वस्तुस्थिती.

मोजायचंच असेल तर

पीएचपेक्षा लाळेचं प्रमाण मोजणं जास्त उपयोगाचं, आणि ते घरी जमतं. सकाळची वेळ, त्याआधी किमान तासभर काही खाल्लेलं-प्यायलेलं नको, ब्रश नको, तंबाखू नको. ताठ बसा, मान किंचित पुढे. एकदा गिळा आणि घड्याळ लावा. मग पाच मिनिटं न चावता, न चोखता तोंडात साचेल ती लाळ लहान वाटीत सोडत राहा. बिनसुईच्या ५ मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून मोजा. फेस धरू नका. दीड ते दोन मिली आली तर ठीक. अर्धा मिलीपेक्षाही कमी आली तर ते कोरडं तोंड, आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. चावून आणलेली लाळही मोजता येते: बेचव मेणाचा तुकडा पाच मिनिटं चावत लाळ जमवा. पाच मिलीपेक्षा जास्त यावी, साडेतीनच्या खाली गेली तर कमी.

पीएच बघायचाच असेल तर ५ ते ८ या पट्ट्यातली, निदान अर्ध्या अंकाचे रंग दाखवणारी पट्टी घ्या. साधा लिटमस फक्त आम्ल की अल्क एवढंच सांगतो. पट्टी लाळ जमल्याबरोबर बुडवा. वाटी उघडी ठेवली की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि आकडा आपोआप वर चढतो, मग खोटंच समाधान मिळतं. चार-पाच दिवस त्याच वेळी बघून सारखाच आकडा आला तरच त्याला अर्थ. सतत ६च्या खाली येत असेल तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: लाळ कमी.

ती कमी का होते? सर्वांत मोठं कारण औषधं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची जुनी औषधं, लघवीवर नियंत्रण ठेवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी औषधं. एकेकटी चालतात, तीन-चार एकत्र आली की तोंड वाळतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. यादी घेऊन डॉक्टरांकडे जायचं, वेळ किंवा औषध बदलता येतं का विचारायचं. आटोक्यात नसलेला मधुमेह, तोंडाने श्वास घेणं, घोरणं ही पुढची कारणं. डोळेही कोरडे आणि सांधेही दुखत असतील तर शोग्रेन सिंड्रोमची (शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) तपासणी लागते. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी.

कोरड्या तोंडाला लोक हमखास लिमलेटच्या गोळ्या किंवा आवळासुपारी चघळतात. बरं वाटतं, कारण आंबटाने लाळ सुटते, पण ज्या तोंडात आम्ल आवरणारी लाळच नाही तिथे दिवसभर आम्ल आणि साखर ठेवल्यासारखं होतं. त्याऐवजी पाण्याचे छोटे घोट, बिनसाखरेचं च्युइंगम, रात्री दातांच्या डॉक्टरांनी सुचवलेलं लाळेसारखं जेल. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटं ब्रश, फेस थुंकायचा आणि वर पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर रेंगाळतं. बाजारातल्या नेहमीच्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असतं. ५००० पीपीएमची पेस्ट डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. चंद्रपूर-यवतमाळकडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे लहान मुलांची पेस्ट आधी डॉक्टरांना विचारून ठरवावी.

डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांची गोष्ट वेगळीच. कानापुढच्या ग्रंथी किरणांच्या वाटेत येतात, लाळ काही आठवड्यांतच आटते आणि पुष्कळांत पूर्ववत येत नाही. त्यानंतर दात हिरडीलगत गोलाकार किडत जातात आणि वर्षभरात मुकुटच (दातांचे हिरडीवरचे भाग) तुटून पडू शकतात, तेही ज्या खालच्या पुढच्या दातांना एरवी कीड लागत नाही त्यांचे. म्हणून रेडिएशनची तारीख ठरण्याआधीच दातांची तपासणी करून घ्यावी. काढण्याजोगे दात किमान दोन आठवडे आधी काढलेले असावेत, म्हणजे जखम भरते. दातांच्या मापाचे ट्रे करून घ्यावेत आणि त्यात फ्लोराइड जेल भरून ते रोज पाच ते दहा मिनिटं लावावेत, आणि हे जन्मभर. रेडिएशननंतर, मग ते दहा वर्षांपूर्वीचं का असेना, दात काढायची वेळ आली तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं, कारण किरणं लागलेलं जबड्याचं हाड नीट भरून येत नाही.